मायलोमाची मेंटेनन्स कॅप्सूल, आणि सोबतीला मधुमेह, स्टेंट, किडनी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६४, वजन आता ५६ किलो, आजारापूर्वी ६३ होतं. मल्टिपल मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड झालं. सात महिन्यांपूर्वी ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट (स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण) झालं आणि गेले चार महिने मेंटेनन्स म्हणून, म्हणजे आजार दबलेला ठेवण्यासाठी, रोज लेनालिडोमाइड १० मिलिग्रॅम चालू आहे. मधुमेह पंधरा वर्षांचा, त्यासाठी मेटफॉर्मिन १००० दोनदा आणि ग्लिमेपिराइड २. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०. तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट, त्यामुळे ॲस्पिरिन ७५, मेटोप्रोलॉल आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.३. आता जुलाब, थकवा आणि पायांना मुंग्या सुरू झाल्यात, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ११०० वर आलेत. मायलोमाचे रिपोर्ट मात्र छान आहेत. म्हणून तुम्ही विचारताय, की कॅन्सर आटोक्यात आहे तर ही कॅप्सूल बंद करून शुगर आणि हृदय सांभाळावं का?

माझ्या मते बंद करायचं की नाही हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मात्राच त्यांच्या किडनीच्या मानाने जास्त दिसते. शिवाय जुलाब, थकवा आणि मुंग्या या तिन्हींसाठी लेनालिडोमाइडखेरीज आणखी दोन-तीन औषधांवर संशय घेता येतो. दोष कोणाचा हे न पाहता मेंटेनन्स थांबवलं, तर कॅन्सरवरचं संरक्षण जाईल आणि जुलाब तसेच राहतील. असं होताना मी बऱ्याचदा पाहते. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे वाचून घरी काही बदलू नका. त्यांच्या डॉक्टरांपुढे काय मांडायचं एवढ्यासाठी हे घ्या.

किडनीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. लेनालिडोमाइडचा साधारण ८२ टक्के भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. किडनी मंद असेल तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं. चांगल्या किडनीत ते तीन ते पाच तासांत निम्मं होतं, मध्यम किंवा जास्त बिघाडात त्याला नऊ तासांहून अधिक लागतात. १० मिलिग्रॅमची कॅप्सूल अशा शरीरात त्याहून बरीच मोठी होऊन बसते.

क्रिएटिनिन १.३ हा आकडा फारसा घाबरवत नाही, आणि फसगत तिथेच होते. हिशेब असा करायचा: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा, आणि स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. आईंसाठी ७६ गुणिले ५६ म्हणजे ४२५६. भागिले ९३.६ म्हणजे सुमारे ४५. गुणिले ०.८५ म्हणजे जेमतेम ३९. याला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात. लॅबच्या कागदावर ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा दुसरा अंदाज) म्हणून ४६ च्या आसपास आकडा छापलेला असेल. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, फक्त वेगळी आहेत. लेनालिडोमाइडची मात्रा पहिल्या सूत्राने ठरते. ६० च्या वर असेल तर रोज १० मिलिग्रॅम, ३० ते ६० मध्ये ५ मिलिग्रॅम, ३० च्या खाली २.५ मिलिग्रॅम, आणि डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर. हे मेंटेनन्सचे आकडे आहेत. सुरुवातीच्या उपचारात मात्रा वेगळ्या असतात, त्यामुळे जुनी चिठ्ठी समोर ठेवून तुलना करू नका.

वजनाची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आजारापूर्वीच्या ६३ किलोवर हाच हिशेब ४३-४४ येतो. वजन उतरतं, स्नायू उतरतात, क्रिएटिनिन दिसायला तेवढंच राहतं आणि खरी क्षमता खाली गेलेली असते. म्हणून मी दर तपासणीला त्या दिवशीचं वजन घालून हिशेब नव्याने करते.

क्रिएटिनिन १.३ का झालं, हेही विचारायला हवं. मधुमेहाने, मायलोमाने, की जुलाबाने पाणी कमी पडल्याने? ट्रान्सप्लांटनंतर न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमोक्साझोल देतात. ते चालू असेल तर क्रिएटिनिन किडनीला इजा न होताही थोडं वर दिसतं. त्याच गोळीने पोटॅशियम वाढतं, टेल्मिसार्टननेही वाढतं, दोघं मिळून जास्त वाढतं. न्यूट्रोफिल कमी करण्यातही त्या गोळीचा हात असू शकतो. अजून गरज आहे का, हे विचाराच. किडनीचा परिणाम फ्री लाइट चेनवरही (मायलोमाच्या प्रथिनाची रक्ततपासणी) होतो. तिचं गुणोत्तर पाहून कधीकधी घरचे हादरतात. नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५ छापलेली असते, पण किडनी मंद असताना ०.३७ ते ३.१ पर्यंत ते आजाराशिवायही जाऊ शकतं.

आता जुलाब. इथे तीन मुख्य संशयित आहेत.

पहिलं मेटफॉर्मिन. वर्षानुवर्षं सोसलेलं असलं तरी किडनी मंदावल्यावर आणि खाणं कमी झाल्यावर ते त्रास देऊ लागतं. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की दिवसाला १००० च्या वर देत नाहीत, ३० च्या खाली पूर्ण बंद. आईंचा आकडा अगदी उंबरठ्यावर आहे आणि जुलाबाच्या आठवड्यात तो सहज खाली घसरेल. २००० मिलिग्रॅम मला इथे जास्तच वाटतं.

दुसरं लेनालिडोमाइड. त्याचे जुलाब बरेचदा सुरुवातीला नसतात, काही महिन्यांनी सुरू होतात. त्यातल्या मोठ्या भागाचं कारण असं, की जेवणातली चरबी पचवायला आलेलं पित्त लहान आतड्याने परत शोषून घ्यायला हवं ते नीट शोषलं जात नाही, आणि ते मोठ्या आतड्यात उतरून पाणी ओढतं. ओळखायची खूण म्हणजे जेवल्यावर, विशेषतः तेलकट-तुपकट जेवल्यावर घाईने जावं लागणं, आणि लोपेरामाइडने (जुलाब थांबवणारी गोळी) तात्पुरतंच थांबणं. यावर कोलेस्टिरामिनची ४ ग्रॅमची पुडी चांगली लागू पडते. मात्र ती पोटातली इतर औषधंही धरून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्याव्या लागतात. सहा-सात गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक कागदावर लिहून द्यावं लागतं, नाहीतर हृदयाची गोळीच वाया जाते. आणि कॅप्सूलमध्ये लॅक्टोज असतं. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवते.

तिसरा संसर्ग. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल, ताप असेल, रक्त पडत असेल, तर मल तपासल्याशिवाय लोपेरामाइड देऊ नये.

बदल एका वेळी एकच करा. लेनालिडोमाइडची मात्रा किडनीनुसार दुरुस्त करणं हे जुलाबांसाठी नाही, ते तसंही करायचंच आहे. ते झाल्यावर दोन आठवडे बघा. मग मेटफॉर्मिन अर्धं करा. तरीही चालूच असेल तर पुडी. सगळं एकदम केलं की जुलाब थांबतात, पण कशाने थांबले ते कळत नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झाले की परत शून्यापासून सुरुवात. शंका राहिलीच तर डॉक्टर आठवडाभर कॅप्सूल थांबवून पाहतात. एका आठवड्याच्या खंडाने मायलोमा उसळत नाही, तेवढी भीती बाळगू नका.

जुलाब जोरात असतील त्या दिवशी टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे आधीच विचारून लिहून ठेवा. पाणी कमी पडलेल्या किडनीला या दोन गोळ्यांसकट चालवणं धोक्याचं आहे. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी कोणी नव्याने सुचवली, तर तिलाही हाच नियम लागू होतो. किडनीला ती चांगली, पण जुलाब चालू असताना नको.

मुंग्यांबाबत लेनालिडोमाइड माझ्या यादीत खाली असतं. आईंना बोर्टेझोमिब मिळालेलं आहे, मज्जातंतूंना त्रास देण्यात ते पुढे. पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, ॲसिडिटीचं पँटोप्राझोल सोबत असेल आणि आहार शाकाहारी असेल तर आणखी. बोर्टेझोमिबच्या मुंग्या औषध थांबल्यावर काही महिन्यांत कमी होत जातात. आईंच्या कमी न होता वाढत असतील तर बी१२ आणि शुगरकडे आधी पाहा. दुकानातून मिळणाऱ्या मल्टिव्हिटॅमिनच्या मागे वाचा, बी६ किती आहे. जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलेल्या बी६ ने मज्जातंतू स्वतःच बिघडतात. मुंग्यांसाठी प्रेगॅबालिन दिलं तर तेही किडनीनुसार कमी द्यावं लागतं, रात्री लहान मात्रेपासून. त्याने झोप येते आणि पाय सुजतात. दोन्ही पाय सारखे सुजले तर प्रेगॅबालिनचा संशय घेता येतो, पण दम लागत असेल तर हृदय तपासल्याशिवाय नाही. एकच पाय सुजून दुखायला लागला तर ती वेगळी गोष्ट आहे, त्याकडे पुढे येते.

थकव्याच्या बाबतीत सगळे ‘केमोमुळे असेल’ म्हणून मोकळे होतात. मी आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ बघते. लेनालिडोमाइडने थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टीएसएच करावं. मेटोप्रोलॉलने नाडी ५० च्या घरात गेली असेल तर माणूस गळून जातोच. आणि सात किलो वजन उतरलेल्या माणसाला जुनीच बीपीची गोळी जड पडते. आईंचं बीपी बसून आणि मग उभं राहून एक ते तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने खाली येत असेल तर चक्कर आणि थकवा तिथून येतोय. मधुमेहात हे आणखी सर्रास दिसतं.

शुगरबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. उपचारात डेक्सामेथासोन होतं तेव्हा शुगर चढली, म्हणून गोळ्या वाढल्या. आता डेक्सामेथासोन नाही, वजन कमी आहे, किडनी मंद आहे, पण ग्लिमेपिराइड तेवढंच चालू आहे. शुगर खाली जाण्याचा धोका इथे चढण्यापेक्षा मोठा आहे. मेटोप्रोलॉल धडधड आणि थरथर झाकून टाकतं, घाम मात्र येतो. पहाटे घाम, गोंधळल्यासारखं होणं, डोकं दुखत उठणं असं काही असेल तर लगेच बोट टोचून बघा. एचबीए१सी वर (शुगरची तीन महिन्यांची सरासरी) विसंबू नका. रक्त चढवलं असेल किंवा ॲनिमिया असेल तर तो आकडा फसवतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घरी मोजलेले आठवड्याचे आकडे जास्त उपयोगाचे. ग्लिमेपिराइडऐवजी किडनीनुसार बदलावी न लागणारी लिनाग्लिप्टिनसारखी गोळी चालेल का, हा प्रश्न मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे.

न्यूट्रोफिल ११०० या आकड्यावर कॅप्सूल थांबवायची नसते. मेंटेनन्समध्ये ५०० च्या खाली गेले की थांबवायची, आणि प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्या की थांबवायची, मग सुधारल्यावर एक पायरी कमी मात्रेने सुरू करायची, असा औषधाच्या माहितीपत्रकातला नियम आहे. मधुमेही माणसात संसर्ग लवकर पसरतो, म्हणून मी १००० च्या खाली गेल्यावरच सावध होते आणि आठवड्याने पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करते. आईंच्या बाबतीत मात्रा ५ वर आली की हा आकडा आपोआप सुधारण्याची शक्यता चांगली आहे.

स्टेंट आणि रक्ताच्या गुठळ्या या भीतीने बरेच लोक लेनालिडोमाइडला घाबरतात. गुठळ्यांचा धोका डेक्सामेथासोनसोबत जास्त असतो, एकट्या मेंटेनन्समध्ये बराच कमी, पण शून्य नाही. स्टेंटसाठीचं ॲस्पिरिन ७५ इथे दोन्ही कामं करतं, वेगळी गोळी लागत नाही. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर मात्र ॲस्पिरिन पुरत नाही, रक्त पातळ करणारं औषध लागतं. स्टेंटनंतर देतात ते दुसरं औषध क्लोपिडोग्रेल अजून चालू असेल तर तीन वर्षांनंतर ते लागतंय का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर ॲस्पिरिनचा निर्णय रक्ताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून घ्यायचा, एकट्याने नाही. स्टॅटिन, म्हणजे ॲटॉर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करू नका. पण पोटऱ्यांत गोळे येण्यापलीकडे मांड्या-दंड दुखून कमजोर वाटत असतील तर सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) तपासा. नुसते गोळे येत असतील तर जुलाबाने उतरलेलं मॅग्नेशियम आणि पोटॅशियम आधी बघा.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड चालू असेल तर त्याचीही मात्रा किडनीवर ठरते: ६० च्या वर ४ मिलिग्रॅम, ३० ते ३९ मध्ये ३ मिलिग्रॅम, ३० च्या खाली देत नाहीत. सलाइनमधून १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात देऊ नये. दात काढायचा असेल तर आधी सांगा. आणि गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घरात ठेवूच नका. पॅरासिटामॉल चालतं, पण ते घेण्याआधी ताप मोजायची सवय लावा, नाहीतर ताप झाकला जातो. काढे आणि भस्मं यांच्याबद्दल माझं मत साधं आहे, या किडनीला नकोत.

आता मूळ तोलाकडे येऊ. या कॅप्सूलने मिळतं काय? ट्रान्सप्लांटनंतर लेनालिडोमाइड मेंटेनन्सच्या तीन चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, १२०८ रुग्णांचं. आजार न वाढता गेलेला काळ निम्म्या रुग्णांत ५२.८ महिन्यांहून जास्त होता, मेंटेनन्स नसलेल्यांत २३.५. सात वर्षांनी हयात ६२ टक्के विरुद्ध ५० टक्के. दुसऱ्या पारड्यात नवा, वेगळा कॅन्सर: आजार परतण्याआधी रक्ताचा ५.३ टक्के विरुद्ध ०.८, इतर अवयवांचा ५.८ विरुद्ध २.० टक्के. आणि साधारण २९ टक्के लोकांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडलं. फायदा ठळक आहे, पण त्या चाचण्यांत आईंसारखी मधुमेह, स्टेंट आणि मंद किडनी एकत्र असलेली माणसं फारशी नव्हती. म्हणून हे आकडे दिशा दाखवतात, आईंचं भविष्य सांगत नाहीत.

काही गोष्टींनी हा तोल बदलतो. निदानावेळच्या फिश तपासणीत (कॅन्सरच्या पेशींमधल्या गुणसूत्रांची तपासणी) १७पी चा तुकडा गळणं किंवा ४;१४ सारखा जोखमीचा बदल होता का? असेल तर मेंटेनन्स सोडण्याची किंमत जास्त, आणि बोर्टेझोमिब जोडण्याचा विचार होतो, जो मुंग्या असलेल्या आईंना जड जाईल. नसेल, आणि आजार जवळजवळ सापडू नये इतका दबलेला असेल, तर दोन-तीन वर्षांनी थांबण्याची चर्चा मोकळेपणाने करता येते. मात्रा ५ वर आणूनही, मेटफॉर्मिन कमी करूनही, पुडी देऊनही जुलाबांनी वजन उतरतच राहिलं तर २८ पैकी २१ दिवस घेऊन सात दिवस सुट्टी ही पायरी आहे. तेही जमलं नाही तर बंद करणं हा रास्त निर्णय आहे, हार नाही. बंद केल्यावर दर एक ते तीन महिन्यांनी मायलोमाच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. लेनालिडोमाइडच्याच गटातलं जुनं औषध थॅलिडोमाइड स्वस्त म्हणून सुचवलं गेलं तर मुंग्यांच्या कारणाने मी नको म्हणेन.

पुढच्या ओपीडीला एकच कागद न्या. त्यावर सगळ्या गोळ्या मात्रेसकट, आजचं वजन, बसून-उभं राहून बीपी, आठवड्याची शुगर, जुलाब दिवसातून किती आणि कशानंतर. तपासण्या: सीबीसी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, टीएसएच, बी१२, फ्री लाइट चेन. हिपॅटायटिस बी ची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी तपासणी आधी झाली का, तेही पाहून घ्या, कारण दबलेला विषाणू या औषधावर उठू शकतो. पहिला प्रश्न, ‘माझ्या आईच्या क्रिएटिनिन क्लिअरन्सला ही मात्रा बरोबर आहे का?’ दुसरा, ‘मधुमेहाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का?’

घरात कॅप्सूल उघडायची किंवा कुस्करायची नाही. गर्भवती किंवा गर्भ राहू शकेल अशा बाईने फुटलेली कॅप्सूल हाताळायची नाही, आईंच्या गोळ्या भरायचं काम तिच्याकडे देऊ नका. डोस चुकला आणि १२ तासांच्या आत आठवला तर घ्या, नाहीतर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आणि या गोष्टींत सकाळची वाट पाहू नका: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, एका पायाची दुखरी सूज, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, दिवसभर लघवी फारच कमी होणं, शुगर ७० च्या खाली जाऊन साखर खाल्ल्यावरही न सावरणं. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय, आणि वर सांगितलेला कागद हातात.